मय्यतीच्या आधी

आमच्या मोहल्ल्यात कुणाचा इंतकाल झाला की मशिदीच्या भोंग्यावरून एलान होतं, आणि एलान संपायच्या आत आमच्यापैकी कुणाचा तरी फोन वाजतो. आम्ही नऊ जण आहोत. सहा पुरुष, तीन बायका. एक एस.टी.तून रिटायर झालेला मेकॅनिक, एक उर्दू शाळेतले मास्तर, एक मटणाच्या दुकानावर बसणारा, दोघे भाऊ टेलर, एक ऑटो चालवणारा. बायकांमध्ये एक आपा अंगणवाडीत होत्या, एक शिवणकाम करतात, एक घरीच असतात. आमच्या या कामाला नाव नाही, रजिस्टर नंबर नाही, पावतीपुस्तक नाही. यवतमाळात, आणि जिल्ह्यातल्या दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड, वणी अशा प्रत्येक गावात, अशी माणसं असतातच. मय्यतीला गुसल द्यायचं, कफन कापायचं, कबर खोदणाऱ्याला निरोप द्यायचा, जनाजा उठेपर्यंत घरच्यांच्या पाठीशी उभं राहायचं, एवढंच आमचं काम.

मशिदीच्या मागं एक लहान खोली आहे. तिथं आमचं सामान असतं. गुसलचा तख्ता, बादल्या, लोटे, कापराच्या पुड्या, कफनाचं थान आणि जनाजाची खाट. बोरीचा पाला तेवढा ताजा आणावा लागतो. वर्गणी मागायची वेळ कधी आली नाही. कफनाचं थान संपत आलं की कुणीतरी न सांगता नवीन आणून ठेवतो. मय्यतीसाठी आमच्या समाजात कधी काही कमी पडत नाही.

या कामाचा एक नियम आहे. तख्त्यावर जे दिसलं ते बाहेर बोलायचं नाही. काही चांगलं दिसलं, चेहऱ्यावर शांती दिसली, तर सांगावं. वाईट दिसलं तर पोटात ठेवावं. थोरामोठ्यांनी आम्हाला पाणी कसं ओतायचं ते शिकवलं त्याच्याही आधी हा नियम शिकवला. इतकी वर्षं आम्ही तो पाळला. आज तो थोडा मोडणार आहोत. नाव सांगणार नाही, घर सांगणार नाही. आणि जो ऐब सांगणार आहोत तो मय्यतीचा नाही, आमचा आहे.

२०१९ च्या हिवाळ्यातली गोष्ट. तो माणूस जिनिंगमध्ये हमाली करायचा. कापसाच्या सीझनमध्ये बोंदऱ्या उचलायच्या, सीझन संपला की मिळेल ते काम. वय पंचेचाळीसच्या आत. दिवसभर तोंडात खर्रा. विदर्भाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटून केलेला माल. आमच्याकडे पानटपरीवर सकाळपासून त्याची घोटाई चाललेली असते. उपाशीपोटी ओझं उचलणाऱ्याला तो भूक विसरायला लावतो. त्याच्या गालाच्या आत आधी पांढरा चट्टा आला, मग जखम, मग तोंड उघडेना. नागपूर दीडशे किलोमीटर. तिथं ऑपरेशन झालं, शेक दिला, उधारी झाली. वर्षभरात गाठ पुन्हा आली. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता घरी न्या, सेवा करा.

सेवा करा. हे दोन शब्द ऐकून घरी आलेली किती कुटुंबं आम्ही पाहिली! सेवा म्हणजे काय करायचं हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. त्याचं घर म्हणजे भाड्याची दहा बाय दहाची एक खोली. त्यात तो, बायको, तीन मुलं आणि म्हातारी आई. जखमेचा वास सुटला म्हणून मुलं बाहेर ओट्यावर झोपायला लागली. बायको चार घरची धुणीभांडी करून दुपारी परत यायची. तोवर तो एका कुशीवर पडलेला असायचा.

डिसेंबरात एका पहाटे एलान झालं. आम्ही तख्ता घेऊन गेलो. वुजू करून उजवी बाजू धुतली, डावी धुतली आणि पाठ धुवायला त्याला हलकेच कुशीवर वळवलं. ऑटोवाला भाऊ आमच्यात सगळ्यांत धीराचा. त्याच्या हातातला लोटा खाली पडला. पाठ नव्हतीच. माकडहाडाजवळ मूठ जाईल एवढा खड्डा होता आणि आत हाड दिसत होतं. दोन्ही खवाट्यांवर, टाचांवर तेच. आम्ही कापूस भरला, कफन दोनदा बदललं आणि बाहेर येऊन कुणाशी काही बोललो नाही.

जनाजाला चारशे माणूस होतं. खांदा द्यायला गर्दी झाली. तिसऱ्या दिवशी जियारतला मोहल्ल्यानं मिळून खाणं केलं. त्या माणसाचं घर मशिदीच्या दारापासून साठ पावलांवर होतं. आम्ही दिवसातून पाच वेळा त्या घरावरून जात होतो.

इद्दत संपल्यावर आपा त्याच्या बायकोला भेटायला गेल्या. आपांनी विचारलं, कुणाला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, "सबको मालूम था आपा. आते थे, पूछते थे, चाय पीते थे. पलटाने को कोई नहीं था."

आपांनी ते वाक्य आम्हाला जसंच्या तसं येऊन सांगितलं. त्या रात्री आम्ही मशिदीच्या मागच्या खोलीत बराच वेळ बसून होतो. आम्हीही चहा पिऊन आलेल्यांपैकीच होतो. मास्तर दोनदा गेले होते, टेलर भाऊ संत्री घेऊन गेले होते. बीमारपुर्सी म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाणं हा मुसलमानाचा मुसलमानावर हक्क आहे, हे मदरशातलं पोरही सांगेल. आम्ही हक्क अदा केला होता. फक्त त्या माणसाला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर वळवलं नव्हतं.

त्या मय्यतीनंतर तीन-चार महिन्यांतच करोना आला होता. २०२० आणि २०२१ मध्ये आमचं काम आमच्या हातातून गेलं. मय्यत प्लास्टिकच्या पिशवीत बंद होऊन यायची. गुसल देता येत नव्हतं. चार माणसं लांबून दफन करून परत यायची. ज्यांचे आईबाप त्या दिवसांत गेले ते आजही भेटले की कफनाचं दुःख सांगत नाहीत. ते म्हणतात, शेवटी जवळ कुणी नव्हतं, पाणी कुणी पाजलं असेल का. तेव्हा आम्हाला कळलं की माणसाला आपल्या मय्यतीची जेवढी काळजी नसते तेवढी मय्यतीच्या आधीच्या दिवसांची असते. आणि आम्ही सगळी तयारी करून ठेवली होती ती नेमकी नंतरची.

आमच्या जिल्ह्याचं नाव बाहेर निघतं ते मरणावरूनच. कर्जापायी जीव दिलेले शेतकरी, २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेनं गेलेले शेतमजूर. या मरणांची नोंद झाली, पेपरांत आली, चौकशा बसल्या. पण जे मरण दोन-चार महिने चालतं, घराच्या एका कोपऱ्यात, त्याची नोंद कुठंच होत नाही. ते फक्त घरच्यांना ठाऊक असतं आणि तख्त्यावर आम्हाला.

मग आम्ही विचारत सुटलो की याला जगात काही उपाय आहे की नाही. मास्तरांनी वाचलं, टेलर भावांचा भाचा केरळात कामाला होता त्यानं सांगितलं, मुंबईच्या नातेवाइकांनी सांगितलं. हळूहळू कळलं की उपाय आहे, आणि तो फार जुना आहे.

मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन नावाची जागा १९८६ पासून आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस म्हणून ती ओळखली जाते. ज्यांचा कॅन्सर आता बरा होणार नाही अशा माणसांना तिथं ठेवून घेतात, पैसे घेत नाहीत. गोव्यात लोटलीला त्यांचीच एक जागा आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिपलाचं केंद्र आहे. नागपुरात स्नेहांचल आहे. कलकत्त्यात मदर तेरेसांनी १९५२ मध्ये कालीघाटला निर्मल हृदय उघडलं, ते कालीमंदिराला लागून असलेल्या यात्रेकरूंच्या धर्मशाळेत. रस्त्यावर मरायला टाकलेली माणसं तिथं आणायचे. जो ज्या धर्माचा त्याचं शेवटचं त्याच्या धर्माप्रमाणे करायचे. हिंदूच्या ओठाला गंगाजल लावायचे, मुसलमानाजवळ कुराण पढायचे. काशीत १९५८ पासून मुक्तिभवन आहे. मरायला आलेल्या माणसाला कुटुंबासकट तिथं खोली मिळते. दवाखान्याचं तिथं काही नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर शहराच्या आसपास तर साधी राहती घरंच यासाठी ठेवली आहेत. एका घरात दोनच खाटा. आजूबाजूची माणसं पाळीपाळीनं येऊन बसतात, स्वयंपाक करतात, अंग पुसतात. औषधासाठी नर्स बाहेरून येऊन जाते. घर मात्र घरच राहतं. हे ऐकून मटणवाले भाई म्हणाले, "दोन खाटा? मग त्याला अमेरिका कशाला पाहिजे?"

आमच्या मनाला सगळ्यांत जास्त भिडलं ते केरळचं. कोझिकोडच्या मेडिकल कॉलेजात १९९३ मध्ये डॉ. राजगोपाल, डॉ. सुरेशकुमार आणि त्यांच्या सोबत्यांनी वेदना कमी करण्याचं काम सुरू केलं. पुढं त्यांच्या लक्षात आलं की डॉक्टर आठवड्यातून एकदा फार तर अर्धा तास जाईल, उरलेले सगळे दिवस माणूस शेजाऱ्यांच्याच भरवशावर असतो. म्हणून त्यांनी शेजाऱ्यांनाच शिकवलं. हे काम सगळ्यांत जास्त फोफावलं ते मलप्पुरम जिल्ह्यात, जिथं मुसलमान बहुसंख्य आहेत. दुकानदार, रिक्षावाले, शाळा-कॉलेजची मुलं, घरच्या बायका. पैसा दुकानांतल्या डब्यांतून, लहान लहान देणग्यांतून. २००८ मध्ये केरळ सरकारनं त्याचं धोरणच केलं. म्हणजे आमच्याच सारखी माणसं, आमच्याच सारख्या मोहल्ल्यांत राहणारी, हे पंचवीस-तीस वर्षांपासून करत आहेत.

आणि मग हाफिजसाहेबांनी एक गोष्ट काढली. ती आम्ही लहानपणी ऐकलेली होती, पण या कानानं कधी ऐकली नव्हती. इसवी सन ६२७ मध्ये खंदकच्या लढाईत हजरत साद बिन मुआज (र.) यांच्या हाताची नस बाणानं तुटली. रसूलुल्लाह (स.) यांनी त्यांच्यासाठी मशिदीतच तंबू लावायला सांगितलं. का, तर जवळ असावेत, येता-जाता भेटता यावं. सीरतच्या किताबांत रुफैदा नावाच्या बाईचा उल्लेख येतो. जखमींची सेवा करणाऱ्या त्या बाईचा तंबू तोच. साद त्या जखमेतून उठले नाहीत, पुढं वारले. हाफिजसाहेब म्हणाले, "मशिदीत नमाज पढणाऱ्यांच्या मधोमध एका मरणाऱ्या माणसाला जागा होती. आपण आपल्या मशिदीमागच्या खोलीत काय ठेवलंय?"

आम्ही काय ठेवलं होतं ते वर सांगितलंच आहे.

सुरुवात शिकण्यापासून केली. निवृत्त झालेल्या एक ख्रिस्ती सिस्टर होत्या. आपांची आणि त्यांची अंगणवाडीपासूनची ओळख. चार रविवार त्यांनी आम्हा नऊ जणांना समोर बसवून शिकवलं. औषधाचा एक शब्द नाही. जो स्वतः वळू शकत नाही त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची. अंगाखालची चादर कोरडी आणि बिनसुरकुतीची ठेवायची. घोट्यांमध्ये, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायची. तोंड दिवसातून अनेकदा ओल्या कापसानं पुसायचं. ओठांना तूप लावायचं. भरवताना घाई करायची नाही.

भरवण्यावरूनच आमचं त्यांच्याशी भांडण झालं. आपल्याकडे माणूस खात नाही म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. कुणी चमच्यानं यखनी ओततं, कुणी जबरदस्तीनं रस पाजतं. सिस्टर म्हणाल्या, शेवटच्या दिवसांत भूक आपोआप जाते. न खाल्ल्यानं माणूस मरतो आहे असं तुम्हाला वाटतं, पण तो जायला निघाला आहे म्हणून त्याची भूक गेलेली असते. ओतलेलं श्वासनळीत जातं आणि गुदमरतो. आपा म्हणाल्या, मग जमजमचं काय? तेही शेवटी आम्ही चमच्यानंच पाजतो. सिस्टर म्हणाल्या, "कापूस भिजवा आणि ओठांना लावा. पुण्य तेवढंच मिळेल, ठसका लागणार नाही." यासीनबद्दलही त्यांनी तेच सांगितलं. दहा जणांनी खाटेभोवती मोठ्यानं पढण्यापेक्षा ओळखीच्या एका आवाजानं कानाजवळ हळू पढावं. बोलणं बंद झालं तरी ऐकणं बराच वेळ शिल्लक असू शकतं.

मोहल्ल्यानं एक लोखंडी खाट वर्गणीतून घेतली, डोक्याकडून वर होणारी. एक हवेची गादी घेतली. ज्याला गरज त्याच्या घरी न्यायची, काम झालं की परत आणायची. आम्ही पाळ्या लावून जायला लागलो. सगळं सुरळीत झालं असं नाही. एका घरानं आम्हाला दारातूनच परत पाठवलं. त्यांना वाटलं मय्यतवाले आले म्हणजे अपशकुन. त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणावं? इतकी वर्षं आम्ही ज्या घरात पाऊल टाकलं तिथं मरण आमच्या आधी पोचलेलं असायचं.

पण खाट नेऊन भागत नव्हतं. कारण कितीतरी घरांत खाट ठेवायलाच जागा नव्हती.

२०२३ च्या उन्हाळ्यात एका रात्री एक माणूस मेकॅनिक चाचांकडे आला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. त्याची फुफी त्याच्याकडे राहायची. मूलबाळ नाही, नवऱ्यानं तरुणपणीच तलाक दिलेला. लग्नाच्या घरी जाऊन देगीवर स्वयंपाक करायच्या, सगळा मोहल्ला त्यांना खाला म्हणायचा. पोटाचा कॅन्सर निघाला होता आणि डॉक्टरांनी महिना सांगितला होता. घर दोन खोल्यांचं, मुलीचं लग्न अठरा दिवसांवर. पत्रिका वाटून झाल्या होत्या, मुलाकडचे परभणीहून येणार होते. त्याला फुफीला घराबाहेर काढायचं नव्हतं. लग्न पुढं ढकलायची हिंमतही नव्हती. तो शेवटी एवढंच म्हणाला, "चाचा, मेरे को कुछ समझ में नहीं आ रहा."

टेलर भावांची एक खोली तेव्हा भाडेकरू गेल्यामुळे रिकामी होती. रस्त्यालगत, एक खिडकी, मागं मोरी. रातोरात चुना मारला. खाट आणली. भाच्यानं खालाला स्वतःच्या हातानं ऑटोतून उतरवलं. आमची एकच अट होती. रोज घरचं कुणीतरी आलंच पाहिजे. आम्ही जागा देऊ, हात देऊ, पण नातं आम्ही देऊ शकत नाही.

खाला त्या खोलीत तेवीस दिवस होत्या. दिवसा बायका, रात्री दारात आमच्यापैकी एक. पोटातलं दुखणं वाढलं तेव्हा आम्हाला आमची मर्यादाही कळली. नुसती सेवा तिथं पुरत नाही. मॉर्फिनची गोळी लागते, आणि ती लिहून द्यायला तयार असलेला डॉक्टर लागतो. अफूच्या पदार्थांचा १९८५ चा कायदा इतका कडक होता की दवाखानेच ही गोळी ठेवायला घाबरायचे. २०१४ मध्ये तो सैल झाला, तरी लहान गावांत ती अजून सहज मिळत नाही. भाचा दोनदा नागपूरला जाऊन आला तेव्हा खालांना झोप लागली. म्हणून हे वाचून कुणी खोली उघडणार असेल तर आधी डॉक्टराशी बोलून ठेवा. दुखणं तसंच ठेवून वर पाठ चोळत बसण्याला सेवा म्हणत नाहीत.

खालांनी फारसं काही मागितलं नाही. खाट खिडकीजवळ घ्या म्हणाल्या, रस्ता दिसला पाहिजे. एकदा म्हणाल्या, अंबाडीची भाजी खावीशी वाटते. शेजारच्या काकूंनी करून आणली. खालांनी बोटाच्या टोकावर घेऊन चाटली आणि म्हणाल्या, "लसूण कमी है." काकू दुसऱ्या दिवशी लसूण घालून पुन्हा घेऊन आल्या. एक संध्याकाळ त्यांनी लग्नाच्या आचाऱ्याला बोलावून घेतलं आणि किती किलोला किती मसाला ते पडल्या पडल्या सांगितलं. लग्नाच्या आदल्या रात्री भाच्याची मुलगी मेंदीचे हात वर धरून आली. खालांना हात लावता येईना म्हणून तिनं आपला गाल त्यांच्या गालाला लावला आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. त्या खोलीत मरणाची वाट बघतोय असं आम्हाला त्या दिवशी वाटलं नाही. वाटलं, लग्नाचंच एक घर इथंही आहे.

लग्न झालं. पाच दिवसांनी, फजरच्या अजानच्या थोडं आधी, खालांचा श्वास लांब लांब होत गेला. भाचा उशाशी होता. आपा कानाजवळ हळू कलमा पढत होत्या. मग काही ऐकू आलं नाही.

गुसल आमच्या तिन्ही बायकांनी दिलं. आम्ही पुरुष बाहेर ओट्यावर बसलो होतो. दार उघडून आपा बाहेर आल्या. ओढणीनं हात पुसले आणि आमच्याकडे बघून म्हणाल्या, "पीठ साफ थी."

एवढंच. तख्त्यावरचं बाहेर न बोलण्याचा नियम आम्ही सांगितला होता. पण चांगलं दिसलं तर सांगावं, हाही त्याच नियमाचा भाग आहे. मेकॅनिक चाचा ओट्यावरच रडायला लागले. आम्ही बाकीचे उठलो आणि पाणी भरायला लागलो. रडण्याचं कारण खाला नव्हत्या. ते कारण २०१९ मध्ये कबरस्तानात गेलं होतं.

यानंतर आम्ही मोहल्ल्यात विषय काढला की अशी एक खोली कायमची असावी. उत्तरं आली ती अशी. लोक म्हणतील पोरांनी बापाला मरायला बाहेर टाकलं. मशिदीजवळ मरणाची खोली नको, लहान मुलं भितात. औरतजातीचं कसं होणार? गैरमुस्लिम आला तर? सगळेच म्हातारे आणून टाकतील. यातली एकही शंका वेड्या माणसाची नाही. म्हातारे आणून टाकतील ही भीती खरी आहे, म्हणून तर घरचं माणूस रोज यायची अट ठेवली. वृद्धाश्रमाचं काम वेगळं आहे. आर्णी तालुक्यात उमरी पठारला ते चालतं आणि आदरानं चालतं. आम्ही म्हणतो ती खोली फक्त त्याच्यासाठी, ज्याच्याबद्दल डॉक्टरांनी हात टेकले आहेत आणि ज्याच्या घरात खाट मावत नाही. आणि गैरमुस्लिम आला तर काय करायचं, हे कालीघाटनं कधीच करून दाखवलंय. आमच्या खालांना लसूण घातलेली अंबाडी कुणी खाऊ घातली होती?

लोक काय म्हणतील याचं उत्तर मात्र आमच्याकडे नाही. एवढंच सांगतो की लोक जे म्हणतात ते जनाजाच्या दिवशी म्हणतात आणि घरी जातात. कूस वळवायची असते ती त्याच्या आधीच्या रात्री, तीन वाजता.

आमच्या समाजाकडे जागा नाहीत असं कुणी म्हणू नये. वक्फच्या जमिनी आहेत, दर्ग्यांच्या सराया आहेत, शादीखाने आहेत. जमातखान्यांना वर्षातून चाळीस दिवस कुलूप उघडतं. आम्ही इमारत मागत नाही. संस्था काढायची नाही, कुणाच्या नावाची पाटी लावायची नाही. एक खोली, एक खिडकी, पाण्याचा नळ आणि बायका-पुरुषांना वेगवेगळं येता यावं असं एक दार. मलप्पुरमच्या माणसांनी यापेक्षा जास्त काही मागितलं नव्हतं.

टेलर भावांची खोली पुन्हा भाड्यानं गेली. त्यांच्या घरात त्या भाड्यावर मुलाची फी भरली जाते, त्यांना आम्ही काय म्हणणार? त्यानंतर तीन घरं आमच्याकडे विचारायला आली. त्यातल्या दोघांसाठी आम्ही घरीच पाळ्या केल्या. तिसऱ्याच्या घरी खाट दारातून आत गेली नाही.

मशिदीच्या मागच्या खोलीत आता दोन खाटा आहेत. एक जनाजाची, भिंतीला टेकून उभी. दुसरी लोखंडी, डोक्याकडून वर होणारी, घडी करून ठेवलेली. पहिली खाट लागली की चारशे माणूस येतं. दुसरी लागते तेव्हा आम्ही नऊ जण असतो, आणि तिला पसरायला अजून जागा मिळालेली नाही.